मोटारहोम बनवणाऱ्यांना वजनकाट्यावरून खुलं पत्र

मोटारहोमचे कारखानदार, आराखडे काढणारे अभियंते आणि माहितीपत्रकं लिहिणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

आमचं चालतं घर ३६४० किलो भरलं. कागदोपत्री त्याला परवानगी ३५०० किलोंची. काट्यावरच्या माणसानं चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, एकदा गाडीकडे बघितलं, एकदा आम्हा दोघांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, विटा भरल्यात का आत?" प्रवासाला निघून तेव्हा सात आठवडे झाले होते. म्हणजे सात आठवडे आम्ही जादा ओझं घेऊन घाट चढत होतो, आणि वाईट म्हणजे उतरतही होतो.

मी निवृत्त हिशेबतपासनीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत चुका शोधल्या, त्यामुळे स्वतःच्या वहीत निघालेली चूक जिव्हारी लागते. आमचे हे म्हणाले, "अगं, काटाच बिघडला असेल." म्हणून ऐंशी किलोमीटरवर दुसरा काटा गाठला. तिथेही ३६४०. असे काटे वीस-वीस किलोंनी सरकतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा दहा किलो इकडे, दहा किलो तिकडे धरा. पण १४० किलो काही काट्याच्या पोटात मावत नाहीत.

त्या रात्री जेवणाच्या मेजावर मी तुमचं माहितीपत्रक उघडलं आणि हिशेबाला बसले. तो हिशेब तुमच्यापुढे मांडायचा म्हणून हे पत्र. कोणा एका कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण गेल्या अकरा महिन्यांत मुक्कामाच्या जागी भेटलेल्या निरनिराळ्या बनावटींच्या मालकांकडून हीच कथा ऐकली आहे. कुणाची एकशे दहा किलोंची, कुणाची दोनशेची.

माहितीपत्रक म्हणतं, गाडीचं चालू स्थितीतलं, म्हणजे रस्त्यावर निघायला तयार असतानाचं, वजन ३०८० किलो. म्हणजे सामानासाठी ४२० किलो शिल्लक. केवढी श्रीमंती! विकत घेताना याच आकड्यावर आम्ही भाळलो होतो. त्यातून आता वजा करत जाऊ. ऑनिंग (दाराबाहेर ओढायचं कापडी छप्पर), छतावरचे सोलर पॅनल, जादा बॅटरी, सायकलींचा स्टँड, मागचा कॅमेरा, गाडी सपाट करायचे जॅक हे सगळं मिळून १९० किलो. यातलं सारं विक्रेत्यानं त्याच्या आवारात बसवलेलं, म्हणून तुमच्या कारखान्याच्या हिशेबात त्याला जागाच नाही. राहिले २३०. चालू स्थितीतल्या वजनात चालकाचे ७५ किलो धरलेले असतात. आमचे हे नेमके पंचाहत्तर भरतात, नियमाला अपेक्षित असलेला चालक त्यांच्याइतका तंतोतंत मी दुसरा बघितलेला नाही. पण शेजारी बसणारी मी कुठेच धरलेली नव्हते. माझे ७० काढा, राहिले १६०. गॅसचा दुसरा सिलिंडर, गॅससकट २५. राहिले १३५. पाण्याची टाकी १२० लिटरची, पण तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलंय की वजनात पाणी फक्त २० लिटर धरलं आहे. उरलेलं शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. राहिले ३५. बॅटरीवरच्या दोन सायकली, २५ किलोंची एक. इथे खातं तोट्यात गेलं, उणे १५. आणि अजून गाडीत एक चमचा ठेवलेला नाही, एक चादर नाही, यांची रक्तदाबाची गोळी नाही.

मग ताणकाटा आणला आणि दोन दिवस घरातली एकेक वस्तू टांगून मोजली. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या, हत्यारं, औषधं, पुस्तकं. ९२ किलो. तुम्हाला वाटेल म्हातारा-म्हातारीनं अडगळ भरली असेल. दोन माणसांचा वर्षभराचा संसार ९२ किलोंत बसवून दाखवा, मग बोलू.

उणे १५ आणि ९२, एकूण उणे १०७. म्हणजे काट्यावर ३६०७ यायला हवे होते. आले ३६४०. तेहतीस किलो बेहिशेबी. काट्याचे दहा सोडले तरी तेवीस उरतात. ही तफावत मी चार दिवस शोधत होते. हे म्हणाले, "सोडून दे." मी सोडणाऱ्यातली नव्हे. ती सापडली तुमच्याच कागदपत्रांत, आणखी एका तळटीपेत. युरोपीय नियमांनुसार चालू स्थितीतल्या वजनात पाच टक्के कमीजास्त चालतं. ३०८० चे पाच टक्के १५४. म्हणजे तुम्ही मला ३२३४ किलोंची गाडी ३०८० म्हणून विकली असती तरी नियमात बसलं असतं! मी माझ्या नोकरीत पाच टक्क्यांची तफावत ‘चालतं’ म्हणून सोडली असती तर पेन्शनचा पहिला हप्तासुद्धा हाती पडला नसता.

नियमाचं आणखी एक कवतिक सांगते. सामानासाठी किमान किती वजन मोकळं ठेवायचं, याचं त्याच नियमात सूत्र आहे. बसणाऱ्यांची संख्या अधिक गाडीची मीटरमधली लांबी, गुणिले दहा. चार आसनं, सात मीटर लांबी, म्हणजे ११० किलो. माणशी साडेसत्तावीस. पंधरा दिवसांच्या सुटीला जाणाऱ्या कुटुंबाला ते कदाचित पुरत असतील. पण तुमच्या जाहिरातीत सुटीवर गेलेलं तरुण कुटुंब नसतं. तिथे आम्हीच असतो. चंदेरी केसांचं जोडपं, हातात कप, मागे मावळता सूर्य. चित्र आमचं छापायचं आणि हिशेब पंधरवड्याच्या सुटीचा मांडायचा, याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, मग जड गाडी घ्या, चार-साडेचार टनांची. घेतलीही असती. पण अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचंच वाहन चालवता येतं आणि त्यापुढे परवान्याचा वर्ग बदलतो. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर साडेतीन टनांवरचा परवाना टिकवायचा तर डॉक्टरी तपासणीचा अहवाल द्यावा लागतो. आमच्या वयाला साडेतीन टनांची रेघ पुसता येत नाही. तुम्हालाही ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर ३५०० च्या आत बसवायला तुम्ही आकडे दाबून दाबून भरता.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारहोमवर एक लेबल सक्तीचं असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या वर जाऊ नये, आणि पाण्याच्या भरलेल्या टाकीचं वजन इतकं, असं दोन साध्या वाक्यांत लिहिलेलं. मला एवढंच हवं आहे. किल्ली माझ्या हातात द्यायच्या आधी, विक्रेत्यानं बसवायचं ते सगळं बसवून झाल्यावर, ती एक गाडी काट्यावर चढवा आणि आलेला आकडा दारावर चिकटवा. नमुन्याच्या गाडीचा आकडा मला नको. माझ्या गाडीचा द्या. अर्धा तास लागेल.

सायकलींबद्दल एक राहिलं. तो स्टँड तुम्ही मागच्या भिंतीवर देता आणि म्हणता, साठ किलोंपर्यंत चालेल. स्टँड आणि सायकली मिळून आमचे साठच होते. पण हे साठ किलो मागच्या चाकांवर साठ म्हणून बसत नाहीत. आमच्या गाडीच्या दोन आसांमध्ये चार मीटर अंतर आणि सायकली मागच्या आसाच्याही मागे सुमारे २.४ मीटरवर लटकणार. मुलांचा सीसॉ आठवा. मागच्या आसावर ९६ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे ३६ किलो उचलले जातात. पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि वळवतात. ओल्या गवतावर पुढची चाकं नुसती गरागरा फिरत राहिली, तेव्हा यांना वाटलं क्लच गेला. क्लच कुठला जातोय, सायकलींनी नाक वर उचललं होतं.

आता जरा नाजूक विषय. तुमच्या संडासाची कॅसेट.

ज्यांनी मोटारहोम बघितलेलं नाही अशा वाचकांसाठी सांगते. संडासाखाली एक बंद डबा असतो, सुटकेसइतका. भरला की बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायचा आणि नेमून दिलेल्या जागी रिकामा करायचा. आमचा वीस लिटरचा आहे, भरल्यावर डब्यासकट तेवीस-चोवीस किलो. तो ज्या दारातून काढायचा ते दार गुडघ्याच्या उंचीला. म्हणजे कमरेत वाकायचं, हात लांब करायचे, आणि त्या अवस्थेत चोवीस किलो स्वतःकडे खेचून घ्यायचे. पाठीला जपायचं कसं हे शिकवणारा कुठलाही माणूस नेमकं हेच करू नका म्हणतो. डब्याला चाकं आहेत, ओढायला दांडी आहे, पण ती कामाला येतात डबा जमिनीवर टेकल्यानंतर. आमचं घोडं त्याआधीच पेंड खातं.

पाचव्या महिन्यात यांची कंबर तिथेच धरली. उभंही राहता येईना. डॉक्टरांनी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली. तोवर गाडी बहुतेक वेळा हेच चालवत आणि मी नकाशा, हिशेब, पाणी बघत असे. पहिल्यापासून अदलाबदल ठेवायला हवी होती, तो आमचा गाढवपणा. तो तुमच्या माथी मारत नाही.

पण त्या आठवड्यात मला तुमच्या आराखड्याची खरी ओळख झाली. पलंग मागच्या बाजूला, खाली सामानाची मोठी खोली सोडलेली म्हणून उंचावर, आणि वर जायला तीन अरुंद पायऱ्या. धरायला काही नाही. कंबर धरलेला माणूस तिथे चढणं शक्य नव्हतं, म्हणून हे जेवणाच्या बाकावर झोपले. तो बाक पाच फूट आणि काही इंचांचा, हे पावणेसहा फुटांचे. बरं, कंबर धड असतानाही पलंगाची तऱ्हा अशी की एकाला भिंतीकडे झोपावं लागतं. आमच्या वयात रात्री किमान दोनदा उठावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही का? दोघं मिळून चारदा. त्यातल्या दोन वेळा एकानं दुसऱ्याला ओलांडून जायचं, अंधारात, मग त्या तीन पायऱ्या. तुमच्या आराखडेकारांनी कागदावर आडवी झोपलेली दोन माणसं काढली आहेत. त्यातलं एक उठून बसलेलं काढून बघा, त्याचं डोकं कपाटाला आपटतं.

पलंग एवढा उंच का, तर खाली स्कूटर बसावी म्हणून, असं एका विक्रेत्यानं सांगितलं. वजनाचा वरचा हिशेब वाचून झाल्यावर ती स्कूटर कुठल्या किलोंत बसवायची तेही त्यानं सांगावं.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो आणि चकाकी मात्र कमी सोसते. तुम्ही आम्हाला छताला निळसर दिवे आणि काळ्या काचेवर करड्या अक्षरांची बटणं दिलीत. पायरीच्या कडेला एक पांढरी पट्टी मारली असती तर ते दोन्ही माफ केलं असतं.

आवाजाचं मात्र माफ करण्यासारखं नाही. गाडीत धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन अलार्म आहेत. असायलाच हवेत. या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. दर महिन्याला मी बटण दाबून अलार्म तपासते. पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हे शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. "दाबलंस का?" म्हणाले. मला आधी चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. वय वाढलं की कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात आणि धुराचे साधारण अलार्म वाजतात सुमारे ३१०० हर्ट्झला, म्हणजे नेमके त्याच पट्टीत. खालच्या, ५२० हर्ट्झच्या खडबडीत आवाजानं वयस्कर माणसं कितीतरी सहज जागी होतात, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मच्या नियमावलीत झोपायच्या खोल्यांसाठी हाच आवाज मागितला आहे. म्हणजे वस्तू बाजारात आहे, ज्ञान छापील आहे. फक्त तुमच्या खरेदी विभागापर्यंत पोचलेलं नाही. मी आधी झोपले आणि मीच बेशुद्ध पडले तर जागा राहणारा माणूस हा आहे, ज्याला तुमचा अलार्म ऐकू येत नाही.

माहितीपुस्तिकेचीही तीच गत. पुस्तिका म्हणजे हीटरचं, पंपाचं, फ्रिजचं, बॅटरीच्या चार्जरचं अशा पत्रकांचा एका पिशवीत कोंबलेला गठ्ठा. एका कडाक्याच्या सकाळी शेगडी पेटेना. सिलिंडर अर्धा भरलेला, हलवला तर आत डुचमळतोय. गठ्ठा चाळून उत्तर मिळालं नाही. ते मला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी खिडकीतूनच सांगितलं, "ब्यूटेन आहे का?" पारा शून्याच्या आसपास उतरला की ब्यूटेन द्रवच राहतो, त्याचा वायू होत नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदूच उणे अर्धा अंश. प्रोपेनचा उणे ४२. थंडीत प्रोपेन भरायचा, एवढं एक वाक्य गॅसच्या कपाटाच्या दारावर आतून छापता आलं असतं. आता ते माझ्या अक्षरात चिकटवलेलं आहे. त्याखाली पाण्याचा मुख्य कॉक कुठे, फ्यूज कुठे, विजेवर चालणारी पायरी अडकली तर हातानं कशी ओढायची, हेही. यांची कंबर धरली त्या आठवड्यात हा कागद तयार झाला. दोघांपैकी कुणीही एक पडला तरी दुसऱ्याला सगळं चालवता आलं पाहिजे. या एका गरजेवरून तुम्ही आराखडा काढायला बसलात तर मी वर लिहिलेलं निम्मं आपोआप सुटेल.

तुमच्या धंद्यात कुणीच शहाणं नव्हतं असं मला म्हणायचं नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोन महिन्यांसाठी एक जुनी गाडी भाड्यानं घेतली होती. तिच्यात शोषण पद्धतीचा फ्रिज होता, गॅसवर चालणारा. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. आत एकही हलता भाग नाही. एक छोटी ज्योत, आणि उष्णतेवर फिरणारा अमोनिया. ज्योतीनं थंडावा करायचा, ही कल्पना मला अजून पचलेली नाही. गाडी सपाट उभी असेल तरच तो नीट चालतो, कारण आतला द्रव गुरुत्वाकर्षणानं वाहतो. आवाज मात्र शून्य. रात्री मी मुद्दाम कान लावून बघायची. नव्या गाडीतला कॉम्प्रेसरचा फ्रिज उतारावरही चालतो, लवकर गार होतो, सोयीचा आहे, आणि रात्रभर गुरगुरतो. प्रगती म्हणा हवं तर.

शेवटचा मुद्दा ओलीचा. यातच सगळ्यात जास्त दिवस गेले म्हणून तो शेवटी ठेवला.

तुमचं घर पट्ट्या-पत्रे जोडून आणि सांध्यांत सीलंट भरून बनतं. ते रस्त्यावर दिवसभर हादरत असतं, सांधे सैल होतात, पाणी आत शिरतं आणि भिंतीच्या आतली फळी आतल्या आत कुजते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तुम्ही पाझराविरुद्ध काही वर्षांची वॉरंटी देता, आणि तिला अट घालता की दर वर्षी, खरेदीच्या तारखेच्या आगेमागे, अधिकृत कार्यशाळेत ओलीची तपासणी करून शिक्का घ्यायचा. अट वाजवी आहे. पण आम्ही त्या तारखेला होतो विक्रेत्यापासून अडीच हजार किलोमीटरवर. जवळच्या अधिकृत कार्यशाळेत फोन केला. पहिला प्रश्न, गाडी आमच्याकडून घेतली का? नाही. मग चार महिन्यांनी या. दुसरीकडे अडीच महिने. तिसरीनं तारीख दिली, म्हणाली, मागच्या खिडकीचा सांधाही बघावा लागेल, गाडी पाच दिवस ठेवून जा.

"आणि आम्ही कुठे राहायचं?" मी विचारलं.

"घरी," पलीकडची मुलगी म्हणाली. अगदी निरागसपणे.

बाळ, तू जे पाच दिवस ठेवून घेते आहेस तेच आमचं घर. आमचं दुसरं घर अकरा महिन्यांसाठी भाड्यानं दिलेलं आहे, त्याच भाड्यावर हे घर चालतं. हे मी तिला सांगितलं नाही, तिचा काय दोष? ती तुम्ही दिलेल्या प्रश्नावलीतून वाचत होती. आम्ही पाच रात्री एका खोलीत काढल्या. काम झालं दीड दिवसाचं. बाकीचे दिवस गाडी आवारात नुसती उभी होती, आणि तिच्यात आमचे पलंग, आमच्या उशा, यांची वाचायची जाड काच. खिडकी कुणी दुरुस्त करायची यावरही वाद झाला. खिडकीवाला म्हणे बसवणी चुकली, बसवणारा म्हणे खिडकीच वाकडी, आणि चॅसिसवाल्याला तर आमच्या भिंती आहेत हेच मान्य नाही, त्याच्या लेखी गाडी चालकाच्या आसनामागे संपते. एका छताखाली तीन वॉरंट्या, आणि पाऊस चौथ्याच ठिकाणाहून.

तेव्हा दोन गोष्टी करा. एक, तपासणीचा शिक्का तुमच्या कुठल्याही अधिकृत कार्यशाळेत मिळावा, गाडी कुणीही विकलेली असो, आणि तारखेला आगेमागे तीन महिने सोडा. दुसरी, प्रत्येक कार्यशाळेच्या आवारात दोन जागा आणि विजेचे दोन प्लग असे ठेवा की दिवसा तुम्ही आमच्या घरावर काम कराल आणि रात्री आम्ही त्यात झोपू. एका लहानशा कार्यशाळेनं आम्हाला अशी जागा दिली. ती अधिकृत नव्हती. तिथल्या मिस्त्रीनं बूट बाहेर काढून गाडीत पाऊल टाकलं होतं.

वजनाचं पुढे काय झालं तेही लिहिते, हिशेब अर्धा ठेवायला मला आवडत नाही. शिशाच्या दोन बॅटऱ्या काढल्या, त्या २८ किलोंच्या एकेक. त्यांच्या जागी लिथियमची एकच घेतली, १२ किलोंची. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नसते, त्यामुळे दोनांचं काम एक करते. वाचले ४४. टाकीत आता चालताना ६० लिटरच पाणी ठेवतो. वाचले ६०. आणि सायकली स्टँडसकट काढून टाकल्या. वाचले ६०. ३६४० चे ३४७६ झाले. काटा ३४८० दाखवतो, चार किलो त्याच्या पोटात.

सायकलींवर आमचा फार जीव होता. मुक्कामाला पोचलं की हे आधी त्या उतरवायचे, मग पाण्याची जोडणी, मग बाकीचं. नदीकाठच्या सपाट रस्त्यांवर आम्ही रोज दहा-बारा किलोमीटर जायचो. गुडघ्यांना चालण्यापेक्षा ते सोपं. दिवसभर शेजारी बसूनही जे बोलणं होत नाही ते तिथे व्हायचं. आता हे संध्याकाळी गाडीच्या मागे जाऊन उभे राहतात. तिथे स्टँडच्या बोल्टांची सहा भोकं आहेत, त्यांनी स्वतः सीलंट भरून बुजवलेली, आणि पाऊस पडून गेला की ते बोट लावून बघतात.

पुढची तपासणी चार महिन्यांवर आली आहे. तुमचा माणूस त्या सहा ठिकाणी ओलमापक लावील आणि विचारील, इथे भोकं का पाडली? त्याला हे पत्र वाचायला देईन.

आपली,
दोघांपैकी हिशेब लिहिणारी